सात महिन्यांची फारकत

वर्तमानपत्रातल्या मोठ्या बातम्या उरकल्या की मी आतल्या पानावरच्या जाहीर नोटिशींकडे वळतो. मराठीचा अध्यापक असल्यामुळे भाषेसाठी वाचतो, असे मी घरात सांगतो. त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. या नोटिशींत महिन्या-दोन महिन्यांनी एक हटकून सापडते. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी तिची सुरुवात. मग माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याचा व माझा काही एक संबंध उरलेला नाही, त्याच्याशी कोणी देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही, वगैरे. शहापूरच्या कोर्टात वकिली करणारे माझे एक स्नेही सांगतात की, अशा नोटिशीने वडिलार्जित मिळकतीतला मुलाचा हिस्सा रतीभरही कमी होत नाही. मूल लहान असले तर त्याला पोसण्याची जबाबदारीही टळत नाही. वर्तमानपत्राला नोटिशीचे पैसे मिळतात आणि बापाचा राग निवतो, एवढाच तिचा उपयोग.

याच्या उलट नोटीस मात्र मी अद्याप वाचलेली नाही. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की माझा बाप माझ्या कह्यात नसून त्याने केलेल्या व्यवहारास मी जबाबदार नाही' अशी नोटीस कोणी सतरा वर्षांचा मुलगा देईल, असे मला या गणपतीपर्यंत कधी वाटले नव्हते.

मी शिकवतो त्या कॉलेजात शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांतली मुले येतात. मुंबईच्या वाचकांनी हे तालुके पाहिले नसले तरी प्यायलेले आहेत. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूरची. मुरबाड म्हटले की त्यांना माळशेजचा पाऊस आठवतो. या दोन तालुक्यांच्या वाड्यापाड्यांवरून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा घरांतली मुले एस.टी.ने आणि पुष्कळदा पायी येऊन बसतात. त्यांना मी बारावीचे मराठी शिकवतो.

गणपतीच्या सुट्टीनंतर एके दिवशी शब्दांचे अर्थ कसे पालटतात हे सांगत होतो. उदाहरणाला 'फारकत' घेतला. हल्ली आपण हा शब्द नवराबायकोंपुरता ठेवला आहे. मूळ शब्द फारखती. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख. कर्ज फिटले, हिशेब चुकता झाला, आता तुझे-माझे देणे-घेणे उरले नाही, असा जो कागद सावकार लिहून देई तो फारखती. पुढे तो भागीदारी मोडल्याचा कागद झाला आणि त्याच वाटेने संसार मोडल्याचा.

तास संपल्यावर व्हरांड्यात एक मुलगा मागे मागे आला. कातकरी वाडीवरचा. कातकऱ्यांच्या घरातला मुलगा बारावीपर्यंत टिकला म्हणजे आम्हा मास्तरांचे त्याच्याकडे लक्ष असतेच. त्याने विचारले,

"सर, नवराबायकोची फारकत होते. बापापासून पोराची होते का? कायद्यानं?"

मला वाटले, बाप दारू पिऊन मारत असेल. तसे काही नव्हते. त्याच्या बापाने पावसाळ्यात वीटभट्टीवाल्या शेठकडून बयाणा घेतला होता. बयाणा म्हणजे आगाऊ उचल. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी वाडीवर येते आणि ज्यांनी बयाणा घेतला ती कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे यांसह भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. पावसाच्या तोंडावर परततात. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, पाडलेल्या विटांचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो, आणि तो हिशेब बयाण्याला पुरा पडला नाही तर उरलेले देणे पुढल्या वर्षावर जाते. या मुलाच्या बापाने बयाणा घेताना माणसे तीन सांगितली होती. आपण, बायको आणि हा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. म्हणून त्याला फारकत हवी होती. तीही जन्माची नव्हे, नोव्हेंबर ते मे, सात महिन्यांची.

मी त्याला म्हटले, विचारून सांगतो. आणि मग पुढले काही दिवस, मराठीच्या माणसाने वाचू नयेत अशी पुस्तके वाचीत बसलो.

पहिली अडचण शब्दातच निघाली. अठरा वर्षे पुरी न झालेल्या माणसाला आपला कायदा मराठीत 'अज्ञान' म्हणतो. १८७५ च्या कायद्याने अठराव्या वर्षाची ही रेघ आखली. ज्यांच्या घरी शेतजमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' ही अक्षरे पाहिली असतील, अज्ञान पालनकर्ता. सतरा वर्षांच्या मुलाने ज्ञानेश्वरीचे निरूपण केले तरी सातबारा त्याला अज्ञानच म्हणणार.

आता अशा अज्ञानाने बापाला सोडून जायचे म्हटले तर काय, हा प्रश्न आपल्याकडे अगदी नवा आहे असे मात्र नाही. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो इंग्रजांच्या अमदानीत चार वर्षांच्या अंतराने दोनदा आला, आणि दोन्ही वेळा निकाल निराळा लागला.

१८३९ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याच्या शाळेतला धनजीभाई नौरोजी हा पारशी मुलगा ख्रिस्ती झाला आणि विल्सनच्या घरी राहू लागला. वय सोळा-सतरा. पारशी समाज खवळला. मुलगा परत द्या म्हणून हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला. त्या कोर्टाने मुलाची समज पाहिली आणि तो आपल्या इच्छेने हवे तिथे जाऊ शकतो असे ठरवले. मुलगा मिशनऱ्याबरोबर गेला.

१८४३ साली नारायण आणि श्रीपाद शेषाद्री हे दोघे ब्राह्मण भाऊ त्याच मिशनच्या रॉबर्ट नेस्बिटकडे गेले. नारायण मोठा, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याला कोणी अडवू शकले नाही. श्रीपाद बारा वर्षांच्या आसपासचा. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी त्याला बापाच्या हवाली केले. मुलाची इच्छा मिशनमध्ये राहण्याची होती. पण बाराव्या वर्षाची इच्छा कोर्टाला पुरेशी वाटली नाही.

धर्मांतराच्या वादात मला येथे शिरायचे नाही. मला मौज वाटते ती पुढल्या भागाची. कोर्टाने मुलगा बापाला दिला. जातीने तो घेतला नाही. मिशनऱ्याच्या घरी जेवलेला मुलगा पंक्तीला कसा बसवायचा? बापाने कोर्टात जिंकलेला मुलगा बापालाच घरात सोवळ्याने वागवता येईना. तेव्हा बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. हे 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री, एल्फिन्स्टनमधले अध्यापक, म्हणजे आम्हा मराठी मास्तरांचे मूळपुरुषच म्हणायचे. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, ही बाजू त्यांनी धरली, आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. मुंबईत दोन तट पडले. तीन वर्षांनी, १८४६ साली, बाळशास्त्री ऐन तारुण्यात वारले. शेषाद्री प्रकरण ज्यांना आठवते त्यांना ते शुद्धीचा वाद म्हणून आठवते. मला त्यात तो बारा वर्षांचा मुलगा दिसतो. बाप म्हणतो माझा, मिशनरी म्हणतो आमचा, जात म्हणते आमचा नव्हे. आणि तो काय म्हणतो हे विचारून झाल्यावर बाजूला ठेवलेले.

सोळाव्या वर्षी जा, बाराव्या वर्षी जाऊ नको. माझा विद्यार्थी सतरा वर्षांचा. तेव्हा १८३९ चा निकाल त्याच्या बाजूचा म्हणायला हरकत नाही, असे मी वकील स्नेह्यांना उत्साहाने सांगितले. त्यांनी पान लावता लावता माझा उत्साह उतरवला.

आजचा कायदा असा आहे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अल्पवयीन मुलाला कोर्टाकडून 'मोकळे' करून घेता येते. कॅलिफोर्नियात चौदा वर्षांपुढचा मुलगा आईबापांच्या संमतीने वेगळा राहत असेल आणि आपले आपण कमावून पैसे सांभाळत असेल तर त्याला अर्ज करता येतो. १९९२ साली फ्लॉरिडात एका बारा वर्षांच्या मुलाने आईपासून 'घटस्फोट' मागितला म्हणून जगभर गाजावाजा झाला होता. त्याचे वेगळे होणे वरच्या कोर्टाने कायम ठेवले, पण मुलाला स्वतःच्या नावाने असा दावा लावता येत नाही हेही सांगून टाकले. आपल्याकडे अशी मोकळीक नाही. एका पालकाच्या हातून काढून दुसऱ्या पालकाच्या हाती देणे, एवढेच आपले कोर्ट करते.

तेही सोपे नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणजे कातकऱ्याला नाही. उरतो १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. मूल समजूतदार असेल तर त्याची पसंती कोर्टाला विचारात घेता येते, असे त्यात आहे, आणि हे वाक्य मला फार आवडले. पण आईबाप हयात आहेत आणि कोर्टाच्या मते नालायक नाहीत, तोवर दुसरा पालक नेमता येत नाही, हेही त्यातच आहे. गरीब बाप म्हणजे नालायक बाप नव्हे. तसे म्हणू लागलो तर मुरबाड तालुक्यातल्या निम्म्या मुलांचे बाप बदलावे लागतील.

दुसरी वाट बाल कल्याण समितीची. २०१५ च्या कायद्याप्रमाणे मूल स्वतः चालत जाऊन समितीपुढे उभे राहू शकते. १०९८ हा फोनही त्यासाठीच आहे. ज्या मुलाला घरी मार आहे, ज्याच्या जिवाला किंवा अब्रूला धोका आहे, त्याने एक दिवसही थांबू नये. समिती त्याला बालगृहात किंवा योग्य माणसाच्या घरी ठेवते. हे मी मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजे सर, बापाकडून सुटून सरकारच्या ताब्यात." मग म्हणाला, "बाप मारत नाय मला."

आणखी एक गंमत सांगतो. अज्ञान मुलाला बापाचे घर सोडता येत नाही. पण बापाची इस्टेट सोडवून घेता येते! एकत्र हिंदू कुटुंबात लहान मुलाच्या वतीने दुसऱ्या कोणी वाटणीचा दावा लावावा आणि वाटणी मुलाच्या हिताची आहे असे कोर्टाला पटले, तर दावा लावल्या दिवसापासून मूल विभक्त. आंध्रातल्या एका अगदी लहान मुलाच्या आजोबाने असा दावा लावला होता. दावा चालू असताना ते मूल वारले, आणि तरीही दाव्याच्या दिवशी ते बापापासून विभक्त झाले होते, असे १९५८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे रांगत्या मुलाला बापापासून वेगळे निघता येते. वाटून घ्यायला काही असले म्हणजे झाले. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाकडे वाटण्याजोगा फक्त बयाणा होता.

मुलाला सात महिने आपल्याच घरी ठेवावे, असे माझ्या मनात आले. वकील म्हणाले, जपून. पूर्वी पालकाच्या ताब्यातून नेण्याच्या गुन्ह्यात मुलग्याचे वय सोळाच्या आत लागे; १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत मुलगा असो की मुलगी, अठराची एकच रेघ आहे. समजत्या वयाचे मूल आपल्या मनाने आले आणि समोरच्याने त्याला फूस लावली नाही तर तो गुन्हा नव्हे, असे १९६४ साली मद्रासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे खरे. पण ते सिद्ध करायला आधी खटल्यात उभे राहावे लागते. हे सगळे मी घरी जेवताना सांगितले. सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता एवढेच विचारले, "त्याच्या वडिलांना विचारलंत का?"

त्या शनिवारी टोकावड्याच्या एस.टी.त बसलो. उतरल्यावर पुढे चालायचे. हळवी भाते कापणीला आली होती. मुलाचा बाप दुसऱ्याच्या शेतावरून नुकताच आला होता. माझ्याच वयाचा, पण दहा वर्षांनी मोठा दिसणारा. त्याने मला बसायला पोते झटकून दिले, आणि मी तोंड उघडण्याआधी म्हणाला,

"मास्तर, पोरगा फारकत मागतो म्हनं. मी काय त्याची बायको हाय?"

आम्ही दोघेही हसलो. त्याची बायको आतून हसली. मग तो हसायचा थांबला.

"त्यानं भट्टीवर यावं असं मला तरी कुठं वाटतं? पन पावसात घरात दाना नव्हता. दोघांचा बयाना पुरा पडत नव्हता, म्हनून तीन मानसं बोललो. आता दोनच गेलो तर तिसऱ्याचं कोन फेडनार?"

आकडा त्याने सांगितला. तो मी येथे लिहीत नाही. हा अंक ज्या घरांत वाचला जातो तिथल्या एका दिवाळीच्या खरेदीएवढा होता.

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात आले, की हा मुलगा बापापासून फारकत मागतच नाही. तो बापाच्या कर्जापासून मागतो आहे. फारखतीचा जो मूळ अर्थ मी त्याला फळ्यावर लिहून दिला होता, तोच त्याने धरला होता. आणि ही फारकत मात्र कायद्याने कधीच देऊन ठेवली आहे! बापाचे ऋण मुलाने पदरमोड करून फेडावे, हा जुना हिंदू कायदा मुंबई इलाख्यात इतका कडक होता की बापामागे कवडी उरली नाही तरी मुलगा देणेकरी. १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून ही जबाबदारी वारशात मिळेल तेवढ्या मिळकतीपुरती ठेवली. १९३३ साली आईबापांनी पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाची मजुरी गहाण टाकण्याचा करारच रद्दबातल ठरवला गेला. असा करार करणाऱ्या बापाला दंड पन्नास रुपयांपर्यंत, मालकाला दोनशेपर्यंत. आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने उचलीपोटी माणूस बांधून घेण्याची चालच बंद केली. आपण घेतलेली असो की वाडवडिलांनी, अशा बांधून घेणाऱ्या उचलीची परतफेडच माफ. जिल्हाधिकाऱ्याकडून मुक्तीचा दाखलाही मिळतो.

हे मी पुढल्या खेपेस त्या बापाला समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. मग म्हणाला,

"कायदा पावसात दाना देतो का, मास्तर? शेठ देतो."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तक्रार केली तर या वर्षीचा बयाणा सुटेल. पुढल्या श्रावणात कोणाच्या दारात उभे राहायचे? कागदावर फिटलेले कर्ज वाडीवर फिटलेले नसते. आणि यापेक्षा वाईटही घडते. २०२२ साली, आमच्या कसाऱ्याचा घाट चढला की लागतो त्या इगतपुरी तालुक्यात, कातकऱ्यांची लहान मुले थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले; तेही एक मुलगी मेली तेव्हा. तिला फारकत मागायचे वय नव्हते.

वसईच्या विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची खोपटी. लहान मुलांसाठी ते मोठेच काम. पण भोंग्यात बारावी होत नाही. वसतिगृहाचे मी पाहिले. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथल्या वसतिगृहांत पुष्कळ मुले राहून शिकतात. अर्जावर पालकाची सही लागते. म्हणजे बापापासून वेगळे राहायलाही बापाचा अंगठा हवा, आणि तो देणारा बाप दिवाळीनंतर भट्टीवर.

वाट निघाली ती कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, चुलीपाशी बसलेल्या म्हातारीकडून. मुलाची आजी भट्टीवर जात नाही. म्हातारी माणसे वाडीवरच राहतात. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मला पानी आनायला कोन हाय?" वकिलांना सांगितले तर ते खूष झाले. १८९० चा कायदा म्हणतो, मुलाची प्रत्यक्ष काळजी घेतो तो पालक. आजी चालते! बापही कबूल झाला, पण एका अटीवर. मुकादमाला आपण काही बोलणार नाही, तुम्ही बोला.

भाऊबीज झाली की मुकादमाची गाडी येते. तेव्हा वकील आणि मी वाडीवर असणार आहोत. तिसऱ्या माणसाचा बयाणा या हंगामात कापायचा नाही, आणि मुलाचे नाव वहीतून काढायचे, एवढे दोन शब्द बोलायचे आहेत. १९७६ चा कायदा वकिलांच्या पिशवीत असेल. तो बाहेर काढायची वेळ येऊ नये, कारण तो बाहेर निघाला की पुढल्या पावसाचा दाणा आत जातो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा या भेटीला दोन-चार दिवस उरले असतील.

राहता राहिले वय. मुलगा अठरा वर्षांचा होईल तेव्हा हे सारे प्रश्न आपोआप मिटतील, म्हणून मी त्याचा दाखला काढून पाहिला. जन्मतारीख १ जून. त्याची आई सांगते, तो पौषात, म्हशाच्या जत्रेच्या थंडीत झाला. पण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आणि आता कायद्यालाही वयासाठी शाळेचाच दाखला आधी लागतो. म्हणजे भट्टीचा हंगाम ऐन भरात असताना, जानेवारीत, तो खरा अठरा वर्षांचा होईल, आणि कायद्याने सज्ञान होईल तो भट्ट्या विझल्यावर, पहिल्या पावसाच्या सुमारास. त्याच दिवशी माझ्या वर्गातली आणखी अकरा मुले सज्ञान होणार आहेत. त्या सगळ्यांची तारीख १ जून आहे.